लेकीचा पैसा

थायलंडमधल्या माझ्या खोलीत एसी होता. ही गोष्ट गावी, दुसरबीडला पोचली तेव्हा गल्लीतल्या बायका मायला म्हणाल्या, पोरगी थंड्या हवेत बसून पैसे कमवून राह्यली. तो एसी मी तीन वर्षांत अकरा वेळा लावला. त्यातल्या चार वेळा मला ताप होता. एकदा शाळेतल्या दोन शिक्षिका चहाला आल्या होत्या, म्हणून लाजेखातर लावला. बाकी सगळे दिवस पंखा. विजेचं बिल घरमालकीण स्वतःच्या दराने लावायची, आणि तो दर ऐकला की उन्हाळा नसतानाही मला घाम फुटायचा.

मी काही मुळातली कंजूस नाही. कॉलेजात असताना बुलढाण्याच्या बसस्टँडवर मैत्रिणींना सगळ्यात आधी कचोरी खाऊ घालणारी मीच असायची. पण मायचे गुडघे गेले आणि माझा हात आखडला.

आमचं अडीच एकर वावर आहे, विहिरीचं. भाजीपाला हेच आमचं मुख्य पीक, जोडीला थोडं सोयाबीन. मिरच्या तोडायच्या, कोथिंबीर उपटायची, वांग्यांतलं तण निंदायचं, हे सगळं काम उकिडवं बसून करायचं असतं, आणि ते मायने तीस वर्षं केलं. आठवडी बाजारात पोतं अंथरून दिवसभर मांडी घालून बसायची ती वेगळीच. जालन्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाला धरून दाखवला आणि म्हणाले, दोन्ही गुडघे बदलावे लागतील. खर्च पाच लाखांच्या आसपास. मी तेव्हा एका खाजगी इंग्रजी शाळेत शिकवत होते. पगार नऊ हजार, सही मात्र पंधरा हजारांवर. परतीच्या एसटीत मी मनात हिशेब केला. साडेचार वर्षं काहीच खाल्लं नाही, कुठे गेले नाही, आजारी पडले नाही, तर मायचे गुडघे होतील.

त्याच वर्षी पुण्याच्या एका एजंटाची जाहिरात फोनवर आली. थायलंडमध्ये इंग्रजी शिकवणारे शिक्षक पाहिजेत, बीएड असल्यास उत्तम. सहा वर्षांच्या नोकरीत जे काही साठलं होतं ते एजंटाला आणि विमानाला गेलं. घरी सांगितलं तेव्हा माय रडली. निघायच्या दिवशी बाबा मला हमरस्त्यावर बसमध्ये बसवायला आले. खिडकीपाशी उभे राहून म्हणाले, "जायचं त जा माय. पण आमच्यासाठी जाऊ नको." आमच्याकडे बाप लेकीला लाडाने माय म्हणतो, त्यामुळे मला ते सगळं बोलणंच लाडाचं वाटलं. बस हलल्यावर मी डोळे पुसले आणि दुसरं काही विचारात घेतलं नाही.

मला मिळालं ते गाव बँकॉकपासून बसने आठ तासांवर होतं. सपाट प्रदेश, भाताची खाचरं, रस्त्याकडेला म्हशी. पहिल्या आठवड्यात त्या म्हशी बघूनच मला जरा धीर आला. शाळा मोठी होती. सकाळी साडेसातला फाटकाशी उभं राहून येणाऱ्या प्रत्येक पोराला हात जोडून इंग्रजीत नमस्कार घालायचा, हे माझं पहिलं काम. मग झेंडा, मग तासिका. वर्गात शेचाळीस मुलं. मी आत गेले की सगळी उभी राहायची. मी विचारायची, हाऊ आर यू? शेचाळीस गळे एका सुरात म्हणायचे, आय ॲम फाइन, थँक यू, अँड यू? दिवसाला पाच तासिका असायच्या, म्हणजे दिवसातून पाच वेळा मला कुणीतरी विचारायचं की बाई, तुम्ही कशा आहात. मीही दर वेळी ठीक आहे असंच सांगायची. शाळा सुटल्यावर दुसऱ्या दिवशीच्या साडेसातपर्यंत हा प्रश्न कुणी विचारत नसे.

माझ्यासोबत इंग्रजी शिकवायला एक गोरा पोरगा होता. बीएड नाही, काही नाही, पाठीवर गिटार आणि पायात चपला. त्याला माझ्या दीडपट पगार होता. शाळेला शिक्षक पुरवणाऱ्या एजन्सीच्या बाईला विचारलं तर ती गोड हसून म्हणाली, पालकांना गोरा चेहरा पाहिजे असतो. पालकसभेच्या दिवशी फोटो काढताना मला मागच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. मी मान डोलावली आणि जाऊन पहिल्या रांगेत मुख्याध्यापकांच्या शेजारी उभी राहिले. तो फोटो शाळेच्या दाराशी लावला होता. त्यात मुख्याध्यापक माझ्याकडे बघताना दिसतात आणि मी कॅमेऱ्याकडे. त्या पोराशी माझं भांडण कधीच नव्हतं. तो बिचारा सुट्टीत मला केळी आणून द्यायचा.

पैसे वाचवायचं शास्त्र मी तिथे पूर्ण शिकले. शाळेत दुपारचं जेवण मिळायचं. मी शाकाहारी, त्यामुळे भाजीतले मासळीचे तुकडे बाजूला काढून उरलेलं खायची, आणि वरचा भात डब्यात भरून संध्याकाळसाठी घरी न्यायची. स्वयंपाकघरातल्या बायकांनी ते पाहिलं होतं. काही दिवसांनी त्या माझ्यासाठी साधा भात वेगळा काढून ठेवू लागल्या, आणि मला इतकी लाज वाटली की दोन दिवस मी डबाच नेला नाही. तिसऱ्या दिवशी नेला. सगळे शिक्षक स्कूटरवर फिरायचे, मी जुनी सायकल घेतली. भाजीबाजारात बंद व्हायच्या वेळी जायची, कारण तेव्हा पालेभाजी अर्ध्या भावात मिळते. ही गोष्ट भाजीवाल्याच्या लेकीला कुणी शिकवावी लागत नाही. रविवारी एका सोनाराच्या दोन मुलींची शिकवणी घ्यायची. तिथल्या सोनारांची दुकानं आतून-बाहेरून लालभडक असतात. त्या लाल दुकानाच्या मागच्या खोलीत बसून मी मुलींकडून क्रियापदं घोकून घ्यायची, आणि पाकीट घेऊन सोन्याकडे न बघता बाहेर पडायची.

महिन्याच्या पाच तारखेला मी बाबांच्या खात्यात पैसे पाठवायची. ते पोचल्याचा बाबांचा फोन आला की मला दोन दिवस बरं वाटायचं.

बाकी मला फार एकटं वाटायचं. हे मी तेव्हा कुणालाच सांगितलं नाही, म्हणून इथे सरळ लिहून टाकते. आठवडाच्या आठवडा मराठीचा एक शब्द तोंडातून निघत नसे. वर्गात मी इतकं हळू, इतकं सोपं इंग्रजी बोलायची की खोलीवर आल्यावर स्वतःचा आवाजही परका वाटायचा. मग मी खोलीत मोठ्याने बोलायला लागले. आता भांडी घासते. आता कपडे वाळत घालते. भिंतीवर एक जाडजूड पाल होती. एका संध्याकाळी मी तिला चक्क म्हटलं, "सरक ना वं, लाइट लावू दे." म्हटल्यावर दचकले आणि मग हसत सुटले. हसणं थांबलं तेव्हा खोली आधीपेक्षा जास्त शांत वाटली. दिवाळीच्या दिवशी तिथे शाळा असते. पहिल्या दिवाळीला मी चौथीच्या वर्गाला नाक, कान, डोळे शिकवले आणि येताना दुकानातून एक मेणबत्ती आणली. ती लावली, आणि दहा मिनिटांत विझवून कपाटात ठेवली. पुढच्या वर्षीही चालली असती.

शाळेत गणिताच्या एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या. त्यांना तोडकंमोडकं इंग्रजी यायचं आणि माझी काळजी वाटायची. एकदा त्यांनी मला घरी जेवायला नेलं. नवं घर, खाली चकचकीत फरशी, दारात मोठा फ्रिज. त्या प्रत्येक वस्तूवर हात ठेवून सांगत होत्या, हे मुलीने घेतलं, हेही मुलीने, हे छपरासकट मुलीने बांधलं. त्यांची मुलगी बँकॉकला नोकरी करायची. शेजारीण डोकावली तर तिलाही परत तेच सांगितलं. मग त्यांनी मला विचारलं, तू आईला किती पाठवतेस? मी आकडा सांगितला. त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, आता तुझी आई गावात ताठ मानेने फिरत असेल. मी म्हटलं, मान ताठच आहे तिची, गुडघ्यांचं बघायचंय. तो विनोद त्यांना कळला नाही. सायकलवरून परत येताना मात्र मी खुशीत होते, त्या गावात आल्यापासून पहिल्यांदाच.

दर शनिवारी संध्याकाळी घरी व्हिडिओ कॉल असायचा. फोन बाबा धरायचे. माय बाजेवर बसलेली, छातीपर्यंत दिसायची. मी पहिल्यांदा विचारायची ते ऑपरेशनचं. वर्षभरात पैसे बऱ्यापैकी जमले होते, एका गुडघ्याच्या निम्म्याहून जास्त. बाबा म्हणायचे, सोयाबीन निघू दे. सोयाबीन निघालं तर, थंडीत हाडं आखडतात. थंडी गेली तर, उन्हाळ्यात टाके चिघळतात. पावसाळ्यात चिखल, जाणं-येणं होत नाही. मी चिडायची. "बाबा, गुडघे बदलायचे आहेत, पेरणी नाही करायची," असंही बोलले. माय मध्येच म्हणायची, "जेवली का तू? काय खाल्लं?" मी म्हणायची, भाजीभात. ते खोटं नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बाबा एकदाचे म्हणाले, तारीख घेतली. मी म्हटलं, मी येते. ते म्हणाले, "कायले? पगार कापतीन, तिकिटाचे पैशे जातीन. आम्ही हावो ना." आणि मी ऐकलं. हेच मला अजून बोचतं. मी तिकिटाचा भाव बघितला, बिनपगारी रजेचे दिवस मोजले, आणि मनात म्हटलं, एवढ्यात दुसऱ्या गुडघ्याचं बरंच काही होईल. आठवड्याने फोटो आला. मायचा पाय, गुडघ्याला जाड पट्टी, खाली उशी. खाली बाबांनी लिहिलं होतं, झालं. मी तो फोटो गणिताच्या बाईंना दाखवला. त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना दाखवला, आणि त्या दिवशी मी वर्गातल्या शेचाळीस पोरांना आइस्क्रीम घेतलं. पुढे सहा महिन्यांनी दुसऱ्या पायाचाही तसाच फोटो आला.

तिसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुट्टीत मी घरी आले. मुंबईहून रात्रभर बस. सकाळी दुसरबीडच्या फाट्यावर उतरले तर बाबा एकटेच उभे होते. मला वाटलं, माय घरी स्वयंपाकाला लागली असेल. गल्लीच्या तोंडाशी आलो तर ती दारात उभी होती, चौकट धरून. मला बघून तिने चौकट सोडली आणि पुढे आली. चार-पाच पावलं असतील. सगळं अंग एकदा डावीकडे झुकत होतं, एकदा उजवीकडे. तीन वर्षांपूर्वी चालायची त्याहून वाईट.

मी बॅग तिथेच टाकली. आत गेल्यावर पहिलं वाक्य बोलले ते, "माय, पाय दाखव."

तिने बाबांकडे बघितलं. मग पातळ जरा वर सरकवलं. दोन्ही गुडघे सुजलेले, बाहेरच्या बाजूला वाकलेले. टाक्यांची खूण कुठेच नव्हती.

"आणि ते फोटो?"

"पट्टी बांधून काढले," बाबा म्हणाले. "मेडिकलातून आणली व्हती पट्टी."

"काऊन पण?"

बाबा उठले. कपाटातून एक पासबुक काढून त्यांनी माझ्यासमोर ठेवलं. माझंच पासबुक होतं, कॉलेजात शिष्यवृत्तीसाठी उघडलेल्या खात्याचं. मी ते खातं विसरूनही गेले होते. मी दर पाच तारखेला पाठवलेला पैसा त्याच आठवड्यात बाबांनी त्यात भरला होता. पानंच्या पानं भरली होती, छत्तीस नोंदी. एक रुपया कमी नव्हता.

"सारे हायेत. पाहून घे," बाबा म्हणाले. "लेकीचा पैसा खात नाई बाप्पा आपल्यात. तुह्या लग्नात लागतीन, नाई त आमच्या माघारी तुले लागतीन."

आमच्याकडे ही रीत आहे, मला माहीत नव्हती असं नाही. मोठ्या आत्याच्या घरी आजोबा पाणीही पीत नसत. पण ती रीत लग्न होऊन गेलेल्या लेकींची, जुन्या माणसांची, असं मी धरून चालले होते. माझं लग्न झालेलं नाही. मी याच घरची होते, निदान माझ्या मते. मी ओरडले. इतकी ओरडले की गल्लीत माणसं थांबली असतील. एसी, सायकल, डब्यातला भात, सगळं बाहेर आलं. तीन वर्षं कुणासाठी मेले मी तिकडे, असंही म्हटलं. आणि शेवटी विचारलं, "मी पोरगा असती त?"

बाबांनी पासबुक मिटलं. मग म्हणाले, "पोरगा असता त घेतले असते. खोटं काऊन बोलू?"

माय बाजेवरून म्हणाली, "अन् तू तिकडं काय खाऊन राह्यली ते मले दिसत नव्हतं का? दर शनिवारी मी तुह्या गळ्याची हाडं पाहत व्हती. तुह्या अंगावरचं मास इकून माहे गुडघे बसवायचे व्हते का मले?" मग तिलाही रडू आलं आणि मलाही. बाबा वावरात निघून गेले.

दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. चहा दे, ताट घे, एवढंच. मला वाटत होतं, तिकडे होते तेव्हा निदान हे घर होतं म्हणून एकटं वाटायचं. आता घरात बसून मी कुणाची आठवण काढू? तिसऱ्या दिवशी मी भाकरी थापत होते आणि माय चुलीजवळ पाटावर पाय लांब करून बसली होती. मला समजवायचं म्हणून तिने तिच्या मायची गोष्ट काढली. माझ्या आजीने जन्मात लेकीकडून काही घेतलं नाही, लुगडंसुद्धा नाही. एकदाच पैसे घेतले, म्हशीचे. मायला दुधाला म्हैस पाहिजे होती, आजीकडे होती. आजीने बाजाराच्या भावाने ती लेकीला विकली आणि पैसे कनवटीला लावले.

"ते कसे चालले मग?" मी विचारलं.

"ते काय दिलेले पैशे व्हते का? म्हैस देली व्हती तिनं. सौदा अलग असते."

माझ्या हातातली भाकरी तव्यावर टाकायची राहून गेली. मी पिठाचे हात तसेच घेऊन ओसरीवर गेले. बाबा मिरचीच्या रोपांचं खोकं बांधत होते. मी म्हटलं, "बाबा, मले वावर इका. रस्त्याकडचे वीस गुंठे."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं तेव्हा त्यांनी सुतळी खाली ठेवली. नाही म्हणायला तोंड उघडलं आणि मायकडे बघितलं. माय आतूनच म्हणाली, "माह्या मायनं म्हैस इकली व्हती." बाबांनी खोकं बाजूला सरकवलं. मग त्यांनी विचारलं, "काय भावानं घेशीन?"

असा सौदा दुसरबीडात झाला नसेल. मी म्हटलं, रस्त्याला लागून आहे, विहिरीचं पाणी आहे, एकरी बारा लाख. बाबा म्हणाले, येडी झाली का, आठच्या वर कोणी देणार नाही. मी म्हटलं, अकरा. ते म्हणाले, कडेची जमीन खडकाळ आहे, तुला दाखवून ठेवतो, मागून बोलू नको. विकणारा स्वतःच्या मालात खोट काढत होता आणि घेणारी भाव चढवत होती. मला पाच लाख पाहिजे होते, दोन्ही गुडघ्यांचे, आणि बाबांना एक रुपया जास्तीचा नको होता. शेवटी मायनेच एकरी दहावर सौदा ठरवला. अर्ध्या एकराचे पाच लाख. बाबांनी दोन दिवस गावात चार जणांना विचारून तो भाव खरा असल्याची खात्री करून घेतली, आणि मगच हो म्हणाले.

सिंदखेडराजाला खरेदीखत करायला गेलो. कागद लिहिणारा माणूस आमची आधार कार्डं बघून चष्म्यावरून पाहायला लागला. "काका, लेकच हाय ना ही? मंग बक्षीसपत्र करा. दोनशे रुपयांत काम व्हते. फुकट कायले स्टॅम्पचा खर्च करता?"

"बक्षीस नाई," बाबा म्हणाले. "सौदा हाय."

"एकुलती एक हाय का?"

"हाव."

"मंग तसंही तिलेच जाईन ना शेवटी!"

"जाईन तवा जाईन," बाबा म्हणाले. "आज इकून राह्यलो."

त्या माणसाने मान हलवली आणि लिहायला घेतलं. संगणकावर आमचे दोघांचे फोटो काढले, अंगठे घेतले. फोटोत बाबा नव्या शर्टात ताठ बसलेत आणि मी रडवेली दिसते. माझ्या खात्यातून बाबांच्या खात्यात पैसे गेले. या खेपेला ते परत आले नाहीत.

जालन्याला दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन आठ दिवसांच्या अंतराने झालं. पैसे भरायच्या खिडकीवर बाबा मला येऊ देत नसत. स्वतः रांगेत उभे राहायचे आणि पावतीवर आपलं नाव नीट लिहिलंय का ते दोनदा बघायचे. मी मायच्या उशाशी. तिला पहिल्यांदा उभं केलं तेव्हा ती नर्सच्या खांद्याला धरून ओरडली, शिव्या दिल्या, माझ्या आजीपासून सगळ्यांना हाका मारल्या. आणि दोन पावलं टाकली. अंग झुकलं नाही. सरळ टाकली.

शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते तेव्हा मी परत गेले. आता खात्यात काही उरलं नव्हतं, म्हणून जाणं भागच होतं. खोलीत शिरले तर सगळं जागच्या जागी होतं, भिंतीवरची पाल सोडून. माय घरी वॉकरवर चालत होती, मग काठीवर, मग नुसतीच. शनिवारच्या कॉलवर बाबा आता फोन लांब धरायचे आणि ती अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायची. तीन वर्षांत फोनवर मला तिची पावलं कधी दिसली नव्हती. मी ते बघता बघता भात गार करायची.

हिवाळ्यात एका संध्याकाळी त्यांनी वावरातून फोन केला. तिकडे ऊन होतं, माझ्याकडे अंधार पडत होता. माझ्या वीस गुंठ्यांत मेथी टाकली होती. बाबांनी फोन फिरवून दाखवली. काळीभोर, वीतभर वाढलेली. माय बांधावरून चालत होती, हाताचा आधार न घेता, आणि खाली वाकून एक जुडी तिने उचलली.

"घरी नेताय ना?" मी विचारलं. "आज भाजी करा मेथीची."

"हाव, नेतो ना," माय म्हणाली. "पैशे टाकले तुह्या बाबांनी."

"कसले पैसे?"

"मेथीचे. तुह्या वावरातली हाय ना? फुकट कशी नेऊ?"

मी फोनवर बँकेचा संदेश उघडून बघितला. बाजारात आधी विकलेल्या मेथीचे पैसे वेगळे जमा झाले होते, आणि त्याच्या खाली घरी नेलेल्या एका जुडीचे वेगळे. दहा रुपये.

मला हसावं की काय करावं कळेना. पोरगा असता तर त्याच्या वावरातल्या मेथीचे पैसे कुणी दिले असते? हे तोंडावर आलं होतं, पण माय ऊन तोंडावर घेऊन इतकी सरळ उभी होती की मला ते बोलवेना. मी आवाज चढवून म्हटलं, "अन् बाबा, दहा रुपये? बाजारात वीसले जुडी चालू हाय. मले फसवून राह्यले काय?"

माय खळखळून हसली. बाबा हसले नाहीत. "बरोबर हाय तुहं," एवढंच म्हणाले.

फोन ठेवला आणि मी भात वाढून घेतला. पहिला घास घ्यायच्या आत फोन परत वाजला. आणखी दहा रुपये जमा झाले होते. थट्टा होती हो बाबा, असं मी त्या रिकाम्या खोलीत मोठ्याने म्हटलं, आणि मग मला रडू आवरेना.